अकरा मिनिटांपैकी तीन

आयाकुचो, ४ ऑगस्ट

प्रिय साबिना,

हे पत्र तुला बसचा ड्रायव्हर देईल. टपालाचा भरवसा नाही, आणि माझा फोन तू उचलत नाहीस, तेही बरोबरच आहे. मी ड्रायव्हरला बजावून सांगितलं, “बाईंच्या हातातच द्यायचं, दुसऱ्या कुणाकडे नाही.” तो म्हणाला, “ती काळ्या कपड्यांतली मास्तरीण ना? तिला कोण ओळखत नाही!” म्हणजे वर्ष होत आलं तरी आईसाठी घातलेले काळे कपडे तुझ्या अंगावर आहेत. उतरवणार तरी कुठे म्हणा. वर्ष भरल्यावर दुसऱ्याच्या हातून ते जिथे उतरवून घ्यायचे त्या पुकाकासात, तुझ्या स्वतःच्या गावात, पाऊल टाकायची तुला बंदी आहे. आईला पुरलं त्या दिवशी तू दरीच्या पलीकडच्या कड्यावर उभी राहून बघत होतीस, हे मला तुझ्या मावसभावानं सांगितलं. ही बंदी माझ्यामुळे झाली हे तुला माहीत आहे. पण तुला माहीत नसलेलंही काही आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला आता राहवत नाही. तेव्हा पत्र फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

तुला आठवतं, मी पहिल्यांदा तुमच्या शाळेत आले तेव्हा माझा काय तोरा होता! मागे गाडीत पडदा, प्रोजेक्टर, वायरींची भेंडोळी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन मी शाळाशाळांतून हिंडत होते. माझं काम शिकवणाऱ्यांना शिकवायचं. सरकारनं पाठवलेले ते हिरवे छोटे लॅपटॉप वर्गात कसे वापरायचे ते दाखवायचं. एका शाळेत मास्तरांनी त्यातल्या एकावर भाकरी झाकून ठेवली होती. दुसरीकडे मुलं फळ्यावरचं गणित बघून लॅपटॉपवर टाइप करत होती आणि मास्तर अभिमानानं म्हणाले, “बघा, तंत्रज्ञान!” तुझे चौदा लॅपटॉप मात्र कपाटात होते, एकेक भरतकामाच्या फडक्यात गुंडाळलेला, अन् किल्ली तुझ्या गळ्यात. मी म्हटलं, “अगं, ही काय देवाची मूर्ती आहे? पाटीसारखं वापर त्याला.” तू शांतपणे म्हणालीस, “पाटी फुटली तर दुसरी मिळते, मिरेया. हे फुटलं तर माझ्याकडून लेखी जबाब मागतात.” मी तुला घाबरट समजले. साबिना, मी समुद्रकाठची बाई, मोठ्यानं बोलणारी. जो हळू बोलतो त्याला काही कळत नाही असं मला तेव्हा वाटायचं.

आणि मग तू जे केलंस ते मला सात जन्मांत सुचलं नसतं. गावात बटाट्याच्या किती जाती आहेत ते मुलांनी घरोघर जाऊन शोधायचं, फोटो काढायचे, नावं लिहायची, कोणता कशात शिजवतात ते विचारायचं. त्रेसष्ट जाती निघाल्या! दोन मुलांना एक यंत्र असा तुझा नियम, आणि तो यंत्र कमी म्हणून नव्हे, तर एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं म्हणून. नोएमी आणि रोनी ही तुझी सगळ्यात भांडकुदळ जोडी. ती नाक उडवून म्हणायची, “तू बोल, मी लिहिते, तुझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचलीय.” तो म्हणायचा, “यंत्रात अक्षर सगळ्यांचं सारखंच असतं, शहाणे.” त्या बटाट्यांचा अहवाल मी माझ्या नावानं वर पाठवला होता. तेही आजच सांगून टाकते.

रोनीचे आजोबा एलादियो यांनी शाळेची सौर बॅटरी खेचरावर घालून वर आणली होती. तुम्ही सगळे त्यांना ताइता म्हणायचात, म्हणजे बाप. मीही म्हणू लागले. मी आले की ते उकडलेले बटाटे आणि चीज पुढे ठेवायचे आणि म्हणायचे, “खा, मिसबाई, तुमच्या यंत्राला वीज लागते, तुम्हाला बटाटे लागतात.” गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं, नोएमीच्या आजीचं, फॉर्तुनाताचं सरपणही तेच फोडून द्यायचे. मला वाटायचं, किती भला माणूस, शेजारधर्म पाळतो.

मग ऑक्टोबर आला, शाळेचा वाढदिवस आला, आणि मी माझा धडा घेऊन आले. ‘घरातली एक जुनी वस्तू निवडा, घरच्या मोठ्या माणसाला तिची गोष्ट विचारा, आवाज रेकॉर्ड करा.’ वरून आलेल्या पुस्तिकेत होता तसाच. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, “या गावात जुन्या वस्तूंबद्दल विचारू नये, मिरेया. विणकामाचं विचारू या. मेंढ्यांचं विचारू या.” मी हसले. म्हटलं, “काय विचारायचं ते मुलं ठरवतील. शिक्षकानं मधे यायचं नाही.” हे वाक्यही पुस्तिकेतलंच. तू कारण सांगितलं नाहीस. तुला सांगता येत नव्हतं, ते मला फार उशिरा कळलं. सगळ्या गावानं शपथ घेऊन न बोलायचं ठरवलेली गोष्ट तू एका परक्या बाईला शाळेच्या ओट्यावर कशी सांगणार होतीस?

त्या आठवड्यात तू आईचे डोळे दाखवायला शहरात गेलीस आणि चार दिवस वर्ग माझ्या हातात आला. नोएमीनं खुंटीवरची टोपी निवडली, तिच्या आजोबांची. आजीनं चुलीपुढे बसून सांगितलेली गोष्ट तिनं रेकॉर्ड करून आणली. तुमच्या केचुआ भाषेतलं मला ‘पाणी’ आणि ‘ये बस’ यापलीकडे काही कळत नव्हतं. तरी मी डोळे मिटून ऐकली. काय आवाज होता! कुठे अडखळणं नाही, रडणं नाही, जशी काही बाई धान्य निवडत बोलतेय. मी ठरवलं, हेच सगळ्यात चांगलं. मी नोएमीला विचारलं, “कशाबद्दल आहे?” ती म्हणाली, “आजोबांना नेलं त्याबद्दल.” मी म्हटलं, “छान.” दहा वर्षांच्या पोरीला मी ‘छान’ म्हटलं.

वाढदिवसाच्या सकाळी तू परतलीस, प्रवासाच्या धुळीनं माखलेली, आणि तशीच माझ्याकडे आलीस. “नोएमीचं मला आधी ऐकू दे.” माझ्या हातात वायर होती, तालुक्याचे पाहुणे येऊन बसले होते. मी म्हटलं, “आता वेळ नाही गं, तू पाहुण्यांचं सूप बघ.” तू दुसऱ्यांदाही म्हणालीस, हे मी विसरलेले नाही. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

चौकातल्या खांबावरच्या कर्ण्यातून फॉर्तुनाता आजीचा आवाज निघाला तेव्हा आधी बायकांच्या हातातल्या पळ्या थांबल्या. मग माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली, सगळी जमिनीकडे बघू लागली. मला वाटलं, भारावून गेलेत. एलादियो मक्याच्या दारूचा जार घेऊन पाहुण्यांना वाढत होते. त्यांनी जार खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि ती छातीशी धरून चौकाच्या मध्यात उभे राहिले. रोनी त्यांच्याकडे बघत होता. त्याला सगळं कळत होतं, ती त्याची भाषा होती. तू धावत माझ्याकडे येत होतीस, पण तू पोचेपर्यंत तीन मिनिटं झाली आणि आवाज थांबला. सगळा चौक चिडीचूप असताना मी टाळ्या वाजवल्या. एकटीनं.

गाडीच्या आडोशाला नेऊन तू मला सांगितलंस. चौऱ्याऐंशी साली बंडखोर शोधत आलेल्या सैनिकांनी गावाला ह्याच चौकात रांगेत उभं केलं, आणि एलादियोनं सात पुरुषांकडे बोट दाखवलं. त्यांना नेलं ते कायमचंच. फॉर्तुनाताच्या नवऱ्याला टोपी घालायलाही वेळ मिळाला नाही. परागंदा झालेले लोक आठ वर्षांनी परतले तेव्हा गावसभेनं एलादियोला गुडघ्यावर बसवलं, सात विधवांनी तीन तीन आसूड मारायचे ठरले, मग सगळ्यांनी एका फडक्यावरची कोकाची पानं चघळली आणि शपथ घेतली: हे पोरांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, आपली पोरं एकमेकांच्या चुलीवर जेवली पाहिजेत. एकोणीस वर्षं ती जेवली. माझ्या कर्ण्यानं तीन मिनिटांत ते संपवलं. तू हे सांगत होतीस तेव्हा तुझा आवाज चढला नव्हता. मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

संध्याकाळ व्हायच्या आत सभा बसली. एलादियोची बायको दोमितिला उठली आणि तिनं काहीतरी विचारलं. काय ते मला कळलं नाही, पण सगळ्या माना वळल्या. मग तू उठलीस. दोन वाक्यं बोललीस आणि माझ्याकडे न बघता स्पॅनिशमध्ये म्हणालीस, “गाडीत बस आणि निघ.” आणि मी निघाले, साबिना. नंतर कळलेली तुझी ती दोन वाक्यं आता मला पाठ आहेत. “शाळा माझी, मुलं माझी, यंत्रही माझंच. पाहुणीला काही माहीत नव्हतं.” तिसऱ्या दिवशी एलादियोनं बटाट्यावर फवारायचं विष घेतलं. त्याच आठवड्यात गावानं तुला सांगितलं की पुकाकासाच्या पाण्याला आता तोंड लावायचं नाही. मला त्या वर्षी उत्कृष्ट कामाचं प्रमाणपत्र मिळालं. ते मी परत केलं नाही.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी, जूनमध्ये, इथल्या बाजारामागच्या कोंबडीच्या खानावळीत मी जेवायला गेले. ताट ठेवणारी पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. नोएमी. सोळा वर्षांची, केस जाळीत बांधलेले, हात तेलानं पोळलेले. शाळा तिनं त्याच वर्षी सोडली. ती मला म्हणाली, “मिसबाई, एकच विचारते. माझी आजी खोटं बोलायची का?” मला कळेना. मग ती तिथेच उभ्या उभ्या सांगत गेली. गावानं फॉर्तुनाताशी बोलणं टाकलं होतं. म्हातारी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, “अरे, मी पुढचंही बोलले होते. पुढचं कुठाय?” आणि लोक म्हणायचे, “यंत्र शब्द खात नाही, म्हातारे. माणूस खातो.” दोन वर्षांनी ती गेली. तिच्या मढ्यापाशी रात्र जागवायला नऊ माणसं होती. नोएमीनं मोजली होती. तिला स्वतःलाही आता खात्री नव्हती. रेकॉर्डिंग चालू असतानाच बसल्या बसल्या तिला चुलीपाशी डुलकी लागली होती, लहान होती ती.

मी ताट बाजूला सारलं. कारण म्हातारी खोटं बोलत नव्हती. ते रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं होतं. राजधानीला पाठवायच्या नमुन्याला तीन मिनिटांची मर्यादा होती, म्हणून आदल्या दिवशी तुझ्याच टेबलावर बसून मी ते कापलं. मधून तोडलं तर आवाज खडखडतो, म्हणून पहिली तीन मिनिटं ठेवली. भाषा कळत नसलेल्या बाईनं, एका श्वासाची जागा बघून, कात्री लावली. आणि गेली सहा वर्षं हे मला माहीत होतं. मूळ फाइल एका कार्डावर माझ्या कपाटात होती, तुझ्या लॅपटॉपसारखीच फडक्यात गुंडाळलेली. त्यात काय आहे ते ऐकायचा मला धीर नव्हता. मी भाषा शिकायला लागले, चार वर्षं रविवारचा वर्ग केला, सगळ्यांना सांगत सुटले की कामासाठी शिकते. वाक्यं समजायला लागली तरी कपाट उघडलं नाही. नोएमीच्या प्रश्नानंतर उघडलं.

चौथ्या मिनिटापासून आजी काय म्हणते ते ऐक. “त्याच्या पोराच्या गळ्यावर सुरा होता. माझ्या पोराच्या गळ्यावर असता तर मीही बोट दाखवलं असतं, बाळे. कदाचित दोमितिलाच्या नवऱ्याकडेच दाखवलं असतं.” मग आसुडाचं सांगते. “मी सातवी. माझी पाळी आली तेव्हा त्याची पाठ फुटली होती. मी आसूड त्याच्याच हातात दिला आणि म्हटलं, माझ्या वाटचे राहू दे, त्यापेक्षा माझं सरपण फोड. तेव्हापासून फोडतोय बिचारा. हे तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण माझे दिवस भरत आले आणि तू टोपीचं विचारलंस. कुणी बाहेरचा तुला अर्धंच सांगेल, म्हणून मी सगळं सांगते.” अगदी शेवटी लाकूड फुटल्याचा आवाज येतो, आणि ती म्हणते, “रोनी तुझा भाऊच. त्याचं डोकं मोठं झालं की ही टोपी त्याला दे.” मी ते तीनदा ऐकलं. अर्धंच सांगणारा तो बाहेरचा मीच होते. टोपी नोएमीच्या खोलीत आहे. रोनी कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, त्याच्या आजीलाही नाही.

गेल्या रविवारी मी पुकाकासाला गेले. कर्णा नाही, पडदा नाही, फक्त तो एक हिरवा लॅपटॉप. सभेत जायच्या आधी दोमितिलाच्या घरी गेले. ती अजून काळ्यात आहे, सहा वर्षं झाली. मी यंत्र तिच्या मांडीवर ठेवलं आणि अकरा मिनिटं गप्प बसले. ऐकून झाल्यावर तिनं ते मिटलं, हातानं पुसलं आणि म्हणाली, “चल सभेत.” तिथे मी माझ्या तुटक्या केचुआत सगळं सांगितलं: कापलं मी, लावलं मी, साबिनानं दोनदा अडवलं, मी ऐकलं नाही. मग गुडघ्यावर बसले आणि म्हटलं, माझ्या वाटचे आसूड मला द्या. कुणी हललं नाही. दोमितिला म्हणाली, “ऊठ. वायर तुझ्या हातात होती हे त्याच दिवशी सगळ्यांनी पाहिलं होतं. पण आसूड आपल्या माणसाला मारतात, म्हणजे तो पुन्हा आपल्यात येतो. तू तर गाडीत बसून गेलीस. मग आम्ही कुणाला धरायचं? जी राहिली तिला धरलं.” एवढंच. मला शिक्षा नाही, माफीही नाही. त्यांनी माझ्यापुढे बटाटेही ठेवले नाहीत.

मग सभा उशिरापर्यंत चालली, मी बाहेर बसले होते. हे पत्र लिहायचं कारण त्यानंतर दोमितिलानं बाहेर येऊन जे सांगितलं ते आहे, आणि तिनं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. तुझ्यावरची बंदी उठली आहे. तेवीस ऑगस्टला तुझ्या आईचं वर्ष भरतं. फॉर्तुनाता आजीसाठी नऊच माणसं जागली होती, तर त्याच दिवशी तिच्याही नावानं सगळं गाव बसणार आहे. तुझा काळा स्कर्ट आणि शाल दोमितिला स्वतःच्या हातानं उतरवणार आहे. तिनं स्वतःचे काळे कपडे सहा वर्षं उतरवले नाहीत, कारण ते कुणाच्या हातून उतरवून घ्यायचे हे तिला ठरवता येत नव्हतं. ती म्हणाली, “साबिनाला सांग, माझेही तिनंच उतरवायचे. ती नाही आली तर मी ह्यातच जाईन.” नोएमी तुझ्यासाठी बावीस तारखेला सकाळी बसथांब्यावर उभी राहील, टोपी घेऊन. मी येणार नाही, मला बोलावलेलं नाही. तू जा.

तुझीच,
मिरेया